वहींत बसविलेलें पान

वर्तमानपत्रांतील एखादा लेख कातरून वहींत चिकटविणारा गृहस्थ एका गोष्टीविषयीं निश्चिंत असतो. चिकटविलेला कागद उद्यां सकाळीं वहींतून उठून जाणार नाहीं, आणि छापणाऱ्यानें आपल्या कचेरींतील मूळ अंक रद्दींत घातला तरी वहींतील कात्रणाच्या एकाही ओळीस बाध येणार नाहीं, हें तो गृहीत धरतो. कागद पिवळा पडेल, त्यास कसर लागेल, खळ सुटेल; परंतु या सर्व आपत्ति डोळ्यांस दिसणाऱ्या व हळूहळू येणाऱ्या आहेत. अलीकडे सुशिक्षित घरांतील पुष्कळशीं टिपणें कागदाच्या वहींतून संगणकावरील वहींत गेलीं आहेत, आणि त्या वहींत जें कात्रण म्हणून ठेविलें जातें तें बहुतेक वेळां कात्रण नसतेंच. तो असतो केवळ एक पत्ता.

पत्ता जवळ असणें आणि वस्तु जवळ असणें यांत फार अंतर आहे. कपाटांत ग्रंथ असणें निराळें, आणि ग्रंथालयाचा रस्ता ठाऊक असणें निराळें. ग्रंथालय जळालें तर रस्त्याचें ज्ञान काय कामाचें? अमेरिकेंतील प्यू संशोधन संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहाणींत असें आढळलें कीं, २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या वेबपानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनंतर उघडेनाशीं झालीं होतीं. सामान्य लोकांनीं हौसेनें उभारलेल्या पानांची 'जिओसिटीज' ही अमेरिकेंतील प्रचंड वसाहत याहूनें २००९ च्या ऑक्टोबरांत बंद केली. लोकांनीं 'पुढें वाचूं' म्हणून ज्या 'पॉकेट' नामक सेवेंत लेख राखून ठेविले होते, ती सेवाच मोझिलानें जुलै २०२५ मध्यें आंवरती घेतली. तेव्हां जें पान खरोखर मोलाचें वाटतें तें आपल्या घरच्या संगणकावर उतरवून घ्यावें, आणि ज्या टिपणाशीं त्याचा संबंध आहे त्या टिपणांतच तें बसवावें, ही इच्छा अगदीं स्वाभाविक होय. इच्छा जितकी साधी आहे तितकी तिची पूर्ति मात्र साधी नाहीं. आणि ती कां नाहीं हें समजून घेतल्यास पुढें होणारा पश्चात्ताप टळण्यासारखा आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, ज्या वेबच्या पानांस आज टिपणवहींत जागा मिळविण्यासाठीं खटपट करावी लागते, त्या वेबचें मूळच टिपणवहींत आहे. १९४५ च्या जुलै महिन्यांत व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'अटलांटिक मंथली' या मासिकांत लेख लिहून 'मेमेक्स' नांवाच्या एका यंत्राची कल्पना मांडली. मेजाच्या आकाराच्या त्या यंत्रांत मनुष्याचीं पुस्तकें, पत्रें व टिपणें सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें सांठवावीं, आणि एका पानावरून दुसऱ्या संबंधित पानाकडे जाणारी वाट त्यानें स्वतः आंखून ठेवावी, असा तो विचार होता. तें यंत्र प्रत्यक्षांत कधीं बांधलें गेलें नाहीं. परंतु त्यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बुश यांच्या कल्पनेंतील वाचक दूरच्या ग्रंथालयाकडे बोट दाखवीत नव्हता; ग्रंथ त्याच्या मेजांतच होता. पुढें १९८० सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत स्वतःच्या टिपणांसाठीं 'एन्क्वायर' नांवाचा एक प्रोग्रॅम लिहिला. १९८९ च्या मार्चमध्यें त्याच संस्थेपुढें त्यांनीं जो प्रस्ताव ठेविला त्याचें निमित्तही, माणसें संस्था सोडून गेलीं म्हणजे त्यांच्याबरोबर माहितीही नाहींशी होते, हेंच होतें. त्यांनीं १९९० मध्यें रचलेला पहिला ब्राउझर केवळ वाचण्यासाठीं नव्हता. त्यांत पान लिहितांही येत असे. नंतर वाचणारा आणि लिहिणारा यांची फारकत झाली, पानें दूरच्या सर्व्हरवर राहिलीं, आणि वाचकाच्या हातीं पत्ता तेवढा उरला.

आतां उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढें आणावें. त्या घरांतील गृहिणीनें आपलीं सर्व टिपणें संगणकावरील एका वहींत ठेविलीं आहेत. त्यांत पाककृति आहेत, मुलांच्या शाळेच्या नोंदी आहेत, औषधांच्या वेळा आहेत आणि बँकेच्या व्यवहारांचे आंकडेही आहेत. तिच्या वडिलांचा एक लेख २००१ च्या सुमारास एका मराठी संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला होता. तें संकेतस्थळ आज नाहीं. परंतु त्या वेळीं घरांतील कोणीतरी तें पान संगणकावर उतरवून ठेविलें होतें, आणि ती फाइल जुन्या तबकडीवर सांपडली आहे. वडिलांविषयींच्या टिपणांत तें पान जसेंच्या तसें बसवावें, एवढीच तिची अपेक्षा आहे. या साध्या अपेक्षेच्या वाटेंत तीन अडचणी उभ्या राहातात, व तिन्हींचें स्वरूप निरनिराळें आहे.

पहिली अडचण पानाच्या घडणीची. छापील पान म्हणजे एकच कागद. त्यावरील मजकूर, चित्र आणि वेलबुट्टी यांची ताटातूट संभवत नाहीं. वेबचें पान तसें नसतें. एचटीएमएल नांवाच्या फाइलींत मजकूर असतो. चित्रें स्वतंत्र फाइलींत असतात. अक्षरांचा आकार, रंग व मांडणी यांचे नियम तिसरीकडे असतात. आणि पानास हालचाल देणाऱ्या आज्ञा चौथीकडे. ब्राउझर हें सर्व साहित्य ठिकठिकाणांहून गोळा करून वाचकासमोर पान उभें करतो. त्यामुळें 'संपूर्ण पान' उतरवून घेतलें असतां बहुधा एक फाइल व तिच्या जोडीस एक फोल्डर अशी जोडगोळी हातीं येते. फाइल उचलून वहीच्या जागीं नेली आणि फोल्डर मागें राहिला, किंवा त्याचें नांव बदललें, कीं चित्रें गेलीं व मांडणी विस्कटली. बिऱ्हाड हलवितांना सामान एका गाडींत आणि किल्ल्या दुसऱ्या गाडींत जाव्यात, त्यांतलाच हा प्रकार होय.

यावर उपाय म्हणजे पानाचें सर्व साहित्य एकाच फाइलींत बांधणें. त्याची एक पद्धति 'एमएचटीएमएल' या नांवानें १९९९ सालीं ठरली. तींत टपालाच्या एका पाकिटांत अनेक कागद घालावेत तसे पानाचे सर्व भाग एकत्र येतात. दुसऱ्या पद्धतींत चित्राचेंच अक्षरांत रूपांतर करून तीं अक्षरें मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवतात. याचा नियम १९९८ सालचा आहे. या रूपांतरांत मूळच्या प्रत्येक तीन भागांमागें चार अक्षरें खर्च होतात, म्हणजे चित्राचा भार सुमारें एकतृतीयांशानें वाढतो. पान एकसंध राहातें, हें लक्षांत घेतां ही किंमत जड नव्हे. 'सिंगलफाइल' नांवाचें ब्राउझरास जोडावयाचें साधन हेंच काम करतें, आणि तें पान ज्या रूपांत डोळ्यांपुढें उभें आहे त्या रूपांत टिपतें, हा त्याचा विशेष. कारण आजकालच्या कित्येक पानांचा मजकूर मूळ फाइलींत नसतोच. पान उघडल्यावर आज्ञा चालतात व मजकूर मागाहून येतो. अशा पानाची नुसती मूळ फाइल ठेविली तर सांगाडा हातीं लागतो आणि प्राण निघून गेलेला असतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ती समजण्यासाठीं 'ऑब्सिडियन' या २०२० सालीं लोकांपुढें आलेल्या टिपणवहीचें उदाहरण सोयीचें पडेल. तिचीं सर्व टिपणें वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरील एका फोल्डरांत साध्या मजकुराच्या फाइलींच्या रूपानें राहातात. या फोल्डरास तेथें 'व्हॉल्ट', म्हणजे तिजोरी, असें नांव आहे. टिपणांत उद्गारचिन्ह, त्यापुढें दुहेरी चौकोनी कंस आणि कंसांत फाइलीचें नांव लिहिलें कीं तें चित्र, तें ध्वनिमुद्रण किंवा ती पीडीएफ फाइल टिपणाच्या पोटांतच दिसूं लागते. एचटीएमएल फाइलीचें नांव लिहिलें तर मात्र पान उमटत नाहीं. मग जाणता मनुष्य दुसरी युक्ति योजतो. १९९७ च्या डिसेंबरांत मान्य झालेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तींत 'आयफ्रेम' नांवाची चौकट आली; एका पानांत खिडकी पाडून तींतून दुसरें पान दाखविणें हें तिचें काम. ही चौकट टिपणांत लिहून वेबवरील पत्ता दिला तर पान दिसतें, अर्थात् त्या पानाच्या धन्याची हरकत नसेल तर. परंतु पत्त्याच्या जागीं स्वतःच्या संगणकावरील फाइलीचा मार्ग लिहिला कीं चौकट रिकामी राहाते. परक्याचें पान घरांत येऊं शकतें आणि घरचें येऊं शकत नाहीं, हें पाहून कोणासही चीड येईल.

परंतु या नकारामागें कारण आहे. वेबचें पान हा निव्वळ कागद नव्हे. १९९५ सालीं नेटस्केप ब्राउझरासाठीं जावास्क्रिप्ट ही भाषा तयार झाली, तेव्हांपासून पानाच्या आंत आज्ञा लिहितां येऊं लागल्या. पान बोलूं, मोजूं व निरोप धाडूं लागलें. तेव्हांच प्रश्न उत्पन्न झाला कीं, एका ठिकाणाहून आलेल्या पानानें दुसऱ्या ठिकाणच्या पानांतील मजकूर वाचावा काय? ब्राउझरांनीं नियम केला कीं, एकाच मूळस्थानाचीं पानें परस्परांचें वाचूं शकतात. भिन्न स्थानांचीं नाहींत. दूरच्या पानांच्या बाबतींत हा नियम सरळ आहे, कारण त्यांच्या पत्त्यावरून मूळस्थान कळतें. पण पान उतरवून घरांत आणलें म्हणजे त्याचें मूळस्थान कोणतें? जेथून तें आलें तें, कीं जेथें तें आतां ठेविलें आहे तें?

कित्येक वर्षें फायरफॉक्स या ब्राउझराचें उत्तर असें होतें कीं, एका फोल्डरांत शेजारीं शेजारीं असलेल्या फाइली एकाच कुटुंबांतल्या समजाव्यात. याचा अर्थ असा कीं, बाहेरून उतरविलेलें एखादें कपटी पान त्या फोल्डरांत उघडलें गेलें तर तें शेजारच्या फाइली वाचूं शकत होतें. २०१९ च्या जुलैमध्यें आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून ही वाट बंद झाली, आणि घरांतील प्रत्येक फाइल दुसऱ्या फाइलीस परकी मानली जाऊं लागली. आतां मघांच्या गृहिणीची वही आठवावी. तिच्या तिजोरींत पाककृति आहेत तशा औषधांच्या व पैशांच्या नोंदीही आहेत. तींत अनोळखी पान आणून बसविणें म्हणजे चिकटवहींत कात्रण डकविणें नव्हे. ज्याला कान व तोंड आहे अशा अतिथीस माजघरांत बसविणें होय. वहीच्या दारावरील अडथळा हा आडमुठेपणा नसून राखण आहे.

अतिथीस घरांत घेऊं नये असा याचा अर्थ नाहीं. त्यास ओटीवर बसवावें, एवढाच अर्थ आहे. 'आयफ्रेम'च्या चौकटीस पुढें 'सँडबॉक्स' नांवाची कडी जोडण्यांत आली. ती घातली असतां आंतील पान दिसतें, परंतु त्याच्या आज्ञा चालत नाहींत, तें बाहेरच्या पानास हात लावूं शकत नाहीं, आणि त्याला कोणाच्याच कुटुंबांतील समजलें जात नाहीं. जी मोकळीक द्यावयाची ती एकएक करून, नांव घेऊन द्यावी लागते. घरची एचटीएमएल फाइल टिपणांत दाखविणारीं जीं 'प्लगइन' म्हणून ओळखलीं जाणारीं पूरक साधनें इतर मंडळींनीं तयार केलीं आहेत, त्यांची निवड करतांना ही कडी आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. शिवाय असें साधन स्वतः वहीच्याच अधिकारानें चालतें. तिजोरींतील सर्व फाइली त्यास खुल्या असतात. याच कारणास्तव ऑब्सिडियनमध्यें हीं परकीं साधनें आरंभीं बंद ठेविलेलीं असतात व वापरणाऱ्यानें जाणूनबुजून तीं सुरू करावीं लागतात. पाहुण्यावर नजर ठेवण्यासाठीं नेमलेला पहारेकरीही विश्वासू असावा लागतो, हें जुनें व्यवहारज्ञान येथेंही लागू पडतें.

तिसरी अडचण मराठी कुटुंबास विशेष जाणवणारी आहे. सर्व खटपट करून त्या गृहिणीनें वडिलांचें पान उघडलें, आणि लेखाच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक खच दिसला, तर तिला काय वाटेल? फाइल नासली असें समजून ती टाकून देण्याचा मोह होईल. परंतु थांबावें; रोग ओळखल्यावांचून औषध करूं नये. असे रोग दोन आहेत.

पहिला रोग सौम्य. युनिकोडमधील देवनागरी मजकूर आज बहुतेक ठिकाणीं ज्या 'यूटीएफ-८' पद्धतीनें लिहिला जातो, तींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन घरें लागतात. वाचणाऱ्या ब्राउझरास हें ठाऊक नसेल तर तो प्रत्येक घरास स्वतंत्र युरोपीय अक्षर समजतो, आणि एका चिन्हाच्या जागीं तीन तीन परकीं चिन्हें उमटतात. पान वेबवर असतांना ही माहिती पुष्कळदां सर्व्हर सांगत असे, म्हणजे ती पाकिटावर लिहिलेली असे, पत्राच्या आंत नव्हे. पान उतरवून घेतांना पत्र घरीं आलें आणि पाकीट तेथेंच राहिलें. यास औषध एका ओळीचें आहे. फाइलीच्या आरंभीं, पहिल्या १०२४ घरांच्या आंत, अक्षरपद्धतीचें नांव सांगणारी खूण लिहिली कीं सारा मजकूर निर्मळ दिसूं लागतो.

दुसरा रोग जुना व कठीण. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, १९९१ मध्यें, देवनागरीस स्थान मिळालें होतें खरें; परंतु घरोघरच्या संगणकांत ती सोय येण्यास विंडोज २००० व त्यानंतरच्या आवृत्तींपर्यंत वाट पाहावी लागली. तोंपर्यंत आणि पुढेंही कांहीं वर्षें श्रीलिपी, शिवाजी, आकृति इत्यादि टंकांवर मराठीचें काम चालत असे. या टंकांची युक्ति अशी होती कीं, रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवावयाचे. फाइलींत वस्तुतः रोमन अक्षरेंच. टंक असला तर तीं मराठी दिसावयाचीं, टंक नसला कीं मुखवटा गळून पडावयाचा. शिवाय प्रत्येक टंकाची घरांची वांटणी निराळी. ज्यानें पान उतरविलें पण टंक जपून ठेविला नाहीं, त्यानें कुलूप ठेविलें व किल्ली फेकली. यास उपाय म्हणजे मूळ टंक ओळखणें, आणि त्या टंकाच्या वांटणीप्रमाणें मजकुराचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारें साधन लावणें. टंकाचें नांव बहुधा त्या फाइलीच्या पोटांतच लिहिलेलें सांपडतें, म्हणून फाइल साध्या मजकुराच्या रूपांत उघडून तें प्रथम शोधावें. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व इकार, रफार व जोडाक्षरें यांवर डोळे ठेवून एकदां सावकाश मुद्रितशोधन करावें, कारण चुका राहातात त्या तेथेंच राहातात.

तेव्हां जपणूक करावी ती कोणत्या रीतीनें? कांहींजण पानाचा मजकूर तेवढा साध्या टिपणांत उतरवून घेतात. तो शोधतां येतो, कोणत्याही यंत्रावर वाचतां येतो, पण मांडणी व चित्रें यांस मुकावें लागतें. कांहींजण पीडीएफ करून बसवितात. रूप हुबेहूब राहातें, परंतु तींतून देवनागरी मजकूर शोधूं अथवा उचलूं गेल्यास अक्षरांची मोडतोड झाल्याचा अनुभव पुष्कळदां येतो. कांहींजण एकसंध एचटीएमएल फाइलच ठेवतात. तींत मजकूर आणि रूप दोन्ही टिकतात, पण वहींत बसविण्यास ती सर्वांत हट्टी. खरें पाहातां या तिन्हींत वैर मानण्याचें कारण नाहीं. मजकूर टिपणांत असावा, कारण स्मरणाचें काम मजकूर करतो. एकसंध फाइल वहीच्या फोल्डरांत जोडपत्र म्हणून असावी, आणि टिपणांत तिचा दुवा असावा. तो दाबल्यावर पान ब्राउझरांत उघडेल, म्हणजे अतिथि ओटीवर बसेल. टिपणाच्या पोटांतच पान दिसलें पाहिजे असा आग्रह असेल तर आज्ञा काढून टाकलेली फाइल कडी घातलेल्या चौकटींत दाखवावी. आणि प्रत्येक कात्रणाखालीं मूळ पत्ता, उतरवून घेतल्याची तारीख व लेखकाचें नांव हीं स्वहस्तें लिहावीं. चिकटवहींतील कात्रणाच्या माथ्यावर शाईनें तारीख घालणारे आजोबा ज्या घरांत होऊन गेले, त्या घरास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

त्या गृहिणीच्या वहींत अखेरीस काय राहील? वडिलांच्या लेखाचा शुद्ध केलेला मजकूर टिपणांत राहील. शेजारीं २००१ चें पान, त्याच्या जुन्या टंकाच्या नांवासह, न बदलतां राहील. आणि खालीं तारीख राहील. उद्यां तिनें वापरलेली वहीही बंद पडेल, कारण जिओसिटीज गेली, पॉकेट गेलें, तशी कोणतीही वही जाऊं शकते. परंतु फोल्डरांतील साध्या मजकुराची फाइल आणि एकसंध पान हीं कोणा एका वहीच्या आयुष्याशीं बांधलेलीं नाहींत. नातवंडांनीं आणखी पंचवीस वर्षांनीं तो फोल्डर उघडला, तर पणजोबांचा लेख त्यांस वाचतां यावा, एवढ्यासाठीं हा खटाटोप. पत्ता जपणारास तो दुसऱ्याच्या कृपेवर लाभतो. पान जपणारास तो आपल्या घरांत सांपडतो.